आज्ञावलीचे भाषांतर : भाषा बदलते, हिशेब बदलता कामा नये

दौंड तालुक्यातील राहू हे गाव उसासाठी आणि गुऱ्हाळांसाठी ओळखले जाते. मुळा-मुठा आणि भीमा या नद्यांच्या मधल्या या पट्ट्याला ‘राहू बेट’ असे म्हणतात. भीमा ओलांडली की शिरूर तालुका लागतो. येथील शेतकऱ्याला पीककर्ज घ्यायचे असो, भावाभावांतील वाटणी नोंदवायची असो किंवा जमिनीचा व्यवहार करायचा असो, सातबाराचा उतारा लागतोच. पूर्वी हा उतारा तलाठ्याच्या हस्ताक्षरात मिळत असे. पुढे तो तालुक्याच्या ठिकाणच्या संगणकावरून छापून मिळू लागला आणि आता डिजिटल स्वाक्षरीसह घरबसल्या उतरवून घेता येतो. कागद तोच, गट क्रमांक तोच, खातेदारांची नावेही तीच. मात्र त्यामागची आज्ञावली, अक्षरे साठविण्याची पद्धत आणि माहिती ठेवण्याची जागा या काळात बदलली.

अशा बदलात नेमका धोका कुठे असतो, हे एका साध्या उदाहरणावरून लक्षात येते. सातबारावर क्षेत्र हेक्टर, आर आणि चौरस मीटर अशा तीन घरांत लिहिले जाते. ‘एक हेक्टर पाच आर’ हे क्षेत्र जुन्या नोंदीत १.५ असे लिहिलेले असेल आणि नव्या आज्ञावलीने त्यातील टिंबाला दशांशचिन्ह मानले, तर ते ‘एक हेक्टर पन्नास आर’ होते. अंक तेच राहिले, पण ४५ आर जमीन कागदावर वाढली. नोंद उलट दिशेने चुकली तर तेवढीच जमीन कागदावरून नाहीशी होते. संगणकाने येथे काहीही ‘चुकीचे’ केलेले नसते. त्याला सांगितले तेच त्याने केलेले असते. चूक असते ती भाषांतराची.

संगणकाच्या एका भाषेतील आज्ञावली दुसऱ्या भाषेत नेण्याचे काम जगभर गेली अनेक दशके सुरू आहे. बँका, विमा कंपन्या, रेल्वे, वीज मंडळे आणि महसूल खाती यांचे दैनंदिन व्यवहार या कामाच्या अचूकतेवर अवलंबून असतात. हे भाषांतर कसे होते, ते का करावे लागते आणि ते कुठे फसते, याचा हा आढावा.

भाषांतर दोन प्रकारचे

संगणकाच्या यंत्राला केवळ शून्य आणि एक यांच्या आकृतिबंधातील आज्ञा समजतात. माणसाला तशा आज्ञा लिहिणे जिकिरीचे असल्याने माणसाला वाचता येतील अशा भाषा तयार झाल्या. शास्त्रीय आकडेमोडीसाठी १९५७ मध्ये फोरट्रान आली. व्यापारी हिशेबांसाठी कोबॉल या भाषेची आखणी १९५९ मध्ये सुरू झाली. १९७० च्या दशकाच्या आरंभी सी, १९९१ मध्ये पायथन आणि १९९५ मध्ये जावा या भाषा आल्या. यांपैकी एखाद्या भाषेतील आज्ञावली यंत्राच्या भाषेत उतरविणाऱ्या साधनाला ‘कंपायलर’ म्हणतात. हे पहिल्या प्रकारचे भाषांतर असून संगणक वापरला जातो तिथे ते अखंड चालू असते.

दुसरा प्रकार एका मानवी वाचनाच्या भाषेतून तशाच दुसऱ्या भाषेत नेण्याचा. कोबॉलमधील आज्ञावली जावामध्ये, फोरट्रानमधील सीमध्ये, किंवा एकाच भाषेच्या जुन्या आवृत्तीतून नव्या आवृत्तीत. या प्रकाराची उदाहरणे थोडीथोडकी नाहीत. इंटेलने १९७८ मध्ये ८०८६ ही चिप आणली, तेव्हा जुन्या ८०८० चिपसाठी लिहिलेल्या आज्ञावल्या नव्या चिपवर नेणारे रूपांतर-साधनही दिले. सी-प्लस-प्लस या भाषेचे सुरुवातीचे साधन त्या भाषेतील आज्ञावलीचे सी भाषेत रूपांतर करीत असे. पायथनची तिसरी आवृत्ती २००८ मध्ये आली, तेव्हा दुसऱ्या आवृत्तीतील आज्ञावल्या बदलण्यासाठी ‘टू टू थ्री’ हे साधन देण्यात आले. तरीही जगाला हा बदल पचवायला वेळ लागला आणि दुसऱ्या आवृत्तीचा अधिकृत आधार १ जानेवारी २०२० रोजी थांबला. एकाच भाषेच्या दोन आवृत्त्यांमधील अंतर कापण्यास सुमारे ११ वर्षे लागली, यावरून या कामाचा आवाका कळतो.

मुंबईतून झालेली सुरुवात

भारतीय सॉफ्टवेअर उद्योगाच्या इतिहासात या विषयाला वेगळेच महत्त्व आहे. मुंबईत १९६८ मध्ये सुरू झालेल्या टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस या कंपनीला फकीरचंद कोहली यांच्या नेतृत्वाखाली १९७४ च्या सुमारास अमेरिकेतील बरोज या संगणक कंपनीचे काम मिळाले. रुग्णालयांसाठी असलेली एक आज्ञावली बरोजच्या मध्यम आकाराच्या संगणकांवरील कोबॉलमध्ये लिहिलेली होती. ती त्याच कंपनीच्या लहान संगणकांवरील कोबॉलमध्ये न्यायची होती. दोन्हीकडे भाषेचे नाव कोबॉलच. तथापि, कोकणातील आणि विदर्भातील मराठीत फरक असावा तसा या दोन कोबॉलमध्ये फरक होता. हे काम मुंबईत आयसीएल १९०३ या ब्रिटिश बनावटीच्या संगणकावर करण्यात आले. भारताच्या सॉफ्टवेअर निर्यातीच्या अगदी पहिल्या कामांमध्ये त्याची गणना होते. म्हणजे या उद्योगाचा श्रीगणेशा नवी आज्ञावली लिहिण्याऐवजी जुनीचे भाषांतर करण्याने झाला, असे म्हणता येईल.

पुण्याचाही यात वाटा आहे. टाटा समूहाने १९८१ मध्ये पुण्यात टाटा संशोधन, विकास व आरेखन केंद्र स्थापन केले. हडपसरच्या औद्योगिक वसाहतीतील या केंद्रात जुन्या आज्ञावल्यांचे विश्लेषण करणारी आणि आराखड्यावरून आज्ञावली निर्माण करणारी साधने विकसित झाली. या केंद्राशी पुढे जोडले गेलेले केशव नोरी हे त्याआधी झुरिच येथे पास्कल भाषेच्या ‘पी-कंपायलर’वर काम करणाऱ्या चमूत होते. पी-कंपायलरमागील कल्पना सोपी आणि दूरगामी होती. प्रत्येक भाषेतून प्रत्येक यंत्रासाठी स्वतंत्र भाषांतर करण्याऐवजी मध्ये एक काल्पनिक यंत्राची भाषा ठेवायची. पाच भाषा आणि चार यंत्रे असतील, तर थेट भाषांतरासाठी २० साधने लागतील. मधली भाषा असेल तर नऊ पुरतात. पुढे जावा या भाषेनेही याच तत्त्वाचा आधार घेतला.

पदच्छेद, अन्वय, अर्थ

संस्कृत श्लोक लावताना आधी पदच्छेद, मग अन्वय आणि शेवटी अर्थ, हा क्रम शाळेत शिकविला जातो. आज्ञावलीचे भाषांतर करणारे साधनही जवळपास याच पायऱ्या चढते.

पहिल्या पायरीवर सलग मजकुराचे सुटे घटक केले जातात : कोणता शब्द आज्ञा आहे, कोणते नाव आहे, कोणता आकडा आहे आणि कोणते चिन्ह आहे. दुसऱ्या पायरीवर त्या घटकांचा परस्परसंबंध लावून एक वृक्ष तयार होतो. ‘क्षेत्राला दराने गुणून त्यात उपकर मिळवा’ या आज्ञेत आधी गुणाकार आणि नंतर बेरीज, हे त्या वृक्षाच्या फांद्यांवरून ठरते. तिसऱ्या पायरीवर प्रत्येक नावामागचा अर्थ तपासला जातो : ही पूर्ण संख्या आहे की दशांश, ती किती अंकी असू शकते, ती कुठे बदलते आणि कुठे वाचली जाते. त्यानंतर वृक्षात आवश्यक ते बदल करून त्यावरून नव्या भाषेतील मजकूर लिहिला जातो.

पहिल्या दोन पायऱ्या यंत्रे फार पूर्वीपासून बिनचूक करीत आली आहेत. खरी कसोटी तिसऱ्या पायरीवर लागते. वरवर पाहता सारख्या दिसणाऱ्या आज्ञा दोन भाषांमध्ये वेगळे उत्तर देऊ शकतात.

सारख्या आज्ञा, वेगळी उत्तरे

भागाकाराचे उदाहरण घ्या. पायथनच्या दुसऱ्या आवृत्तीत सात भागिले दोन याचे उत्तर तीन येते, कारण दोन्ही पूर्ण संख्या असल्याने उरलेला भाग सोडून दिला जातो. तिसऱ्या आवृत्तीत तेच उत्तर साडेतीन येते. उणे सात भागिले दोन याचे पूर्णांकी उत्तर सी आणि जावामध्ये उणे तीन, तर पायथनमध्ये उणे चार येते. व्याज किंवा हप्ता काढणाऱ्या आज्ञावलीत असा फरक लाखो खात्यांवर पसरतो.

पैशांच्या हिशेबात दशांशाचा प्रश्न अधिक नाजूक आहे. कोबॉलमध्ये रुपये आणि पैसे यांसाठी किती अंक राखायचे ते आधीच ठरविता येते आणि बेरीज वहीत करावी तशी होते. अनेक नव्या भाषांमध्ये दशांश संख्या सामान्यतः द्विमान पद्धतीत साठविल्या जातात आणि त्या पद्धतीत ०.१ ही साधी संख्याही अचूक मांडता येत नाही. परिणामी ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३ न येता शेवटच्या कुठल्याशा घरात किंचित जास्त येते. कोबॉलमधील हिशेब या प्रकारच्या संख्यांमध्ये उतरविला तर महिन्याअखेरचा ताळेबंद काही पैशांनी जुळत नाही आणि ते पैसे कुठे गेले हे शोधण्यात आठवडे जातात. म्हणून अशा कामात नव्या भाषेतील अचूक दशांशाची सोय जाणीवपूर्वक वापरावी लागते.

मोजणी कुठून सुरू करायची, हाही एक सापळा आहे. फोरट्रान आणि कोबॉल यांच्या यादीतील पहिले घर सर्वसाधारणपणे एक क्रमांकाचे असते, तर सी आणि जावामध्ये ते शून्य क्रमांकाचे असते. हा फरक एकाही ठिकाणी निसटला तर एकाची नोंद शेजाऱ्याच्या नावावर जाते.

संख्येचे घर लहान पडले तर काय होते, याचे सर्वांत गाजलेले उदाहरण अवकाशातील आहे. युरोपच्या आरियान-५ या अग्निबाणाने ४ जून १९९६ रोजी पहिले उड्डाण केले. त्यातील दिशादर्शक यंत्रणेची आज्ञावली आधीच्या आरियान-४ मधून तशीच घेतलेली होती. मोठ्या दशांश संख्येचे रूपांतर १६ बिटांच्या पूर्ण संख्येत करणारी एक आज्ञा तीत होती. या घरात ३२,७६७ पेक्षा मोठी संख्या मावत नाही. जुन्या अग्निबाणाच्या मार्गावर तेवढी संख्या कधी आलीच नव्हती. नव्याच्या वेगामुळे ती आली. उड्डाणानंतर अवघ्या ४० सेकंदांच्या आसपास अग्निबाण नष्ट झाला. जुनी आज्ञावली चुकीची नव्हती, ती ज्या परिस्थितीसाठी लिहिली होती ती परिस्थिती बदलली होती.

‘गुऱ्हाळ’ दोन प्रकारे

मराठीपुरता विचार केला तर आज्ञावलीच्या भाषेइतकाच अक्षरांच्या संकेतांचा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. संगणक अक्षर साठवीत नाही, त्याचा क्रमांक साठवितो. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे प्रमाण भारतीय मानक संस्थेने १९९१ मध्ये स्वीकारले. त्याच वर्षी जगातील लिप्यांना एका छत्राखाली आणणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ती आली. भारतीय लिप्यांची तीमधील मांडणी इस्कीच्या १९८८ च्या मसुद्यावर आधारलेली होती. भारतीय भाषांच्या संगणकीकरणात पुण्याच्या सी-डॅक या संस्थेच्या ‘जिस्ट’ गटाने मोठे काम केले. तथापि, छपाईच्या क्षेत्रात प्रत्येक फॉन्टचे स्वतःचे क्रमांक होते. एका फॉन्टमधील मजकूर दुसऱ्यात उघडला की पडद्यावर निरर्थक चिन्हे दिसत.

असा मजकूर युनिकोडमध्ये नेताना अक्षरागणिक क्रमांक बदलून भागत नाही. ‘शिरूर’ हा शब्द पाहा. जुन्या फॉन्टमध्ये डोळ्यांना दिसते त्या क्रमाने आधी पहिली वेलांटी आणि मग ‘श’ साठविला जाई. युनिकोडमध्ये उच्चाराच्या क्रमाने आधी ‘श’ आणि नंतर वेलांटी येते. ‘कर्ज’ या शब्दातील रफार जुन्या फॉन्टमध्ये ‘ज’च्या नंतर, तर युनिकोडमध्ये अर्धा र म्हणून ‘ज’च्या आधी येतो. रूपांतर करणाऱ्या साधनाला म्हणूनच जोडाक्षराची हद्द ओळखावी लागते.

राहू परिसरात जागोजागी पाट्यांवर दिसणारा ‘गुऱ्हाळ’ हा शब्द तर आणखी पेचाचा. त्यातील अर्धचंद्रासारखा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो : टिंब असलेला ‘ऱ’ आणि हलन्त यांनी, किंवा साधा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह यांनी. पडद्यावर आणि कागदावर दोन्ही सारखेच दिसतात. संगणकाच्या दृष्टीने मात्र ते दोन वेगळे शब्द असतात. नोंद एका प्रकारे आणि शोध दुसऱ्या प्रकारे झाला की ‘नोंद आढळली नाही’ असे उत्तर मिळते. ‘कऱ्हाडे’, ‘बऱ्हाटे’ यांसारख्या आडनावांच्या व्यक्तींना याचा फटका बसू शकतो. यावर उपाय एकच : माहिती आत घेतानाच दोन्ही प्रकारांचे एका प्रमाण रूपात रूपांतर करणे.

सातबाराचा प्रवास

महाराष्ट्रातील सातबाराचे संगणकीकरण हे या सर्व अडचणी एकत्र आलेले उदाहरण आहे. गाव नमुना सातमध्ये जमिनीवरील हक्क आणि गाव नमुना बारामध्ये पिकांची नोंद असते. फेरफाराची नोंद गाव नमुना सहामध्ये होते. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या पुणे कार्यालयाने तयार केलेल्या जुन्या प्रणालीत ही माहिती तालुका पातळीवर होती. त्यानंतर आलेल्या ‘ई-फेरफार’ प्रणालीत ती ऑनलाइन जोडली गेली. राज्यातील अडीच कोटींच्या आसपास सातबारांचा हा प्रश्न होता.

येथे शासनाने केवळ यंत्रावर भिस्त ठेवली नाही. हस्तलिखित आणि संगणकीकृत उतारे ताडून पाहण्याची मोहीम घेण्यात आली. गावोगावी चावडीवाचन करून खातेदारांसमोर नोंदी वाचण्यात आल्या. एकूण क्षेत्र आणि खातेदारांच्या क्षेत्रांची बेरीज जुळत नसलेले उतारे शोधणारे अहवाल तयार करून तलाठ्यांकडून दुरुस्त्या करून घेण्यात आल्या. डिजिटल स्वाक्षरी असलेल्या सातबाराचा आरंभ १ मे २०१८ रोजी, महाराष्ट्रदिनी झाला. चावडीवाचन ही महसूल खात्याची जुनी पद्धत. संगणकतज्ज्ञ ज्याला चाचणी म्हणतात, तीच ही. परीक्षक मात्र ज्याची जमीन तो स्वतः.

तपासणी हाच कणा

मोठ्या संस्थांमध्ये भाषांतरापेक्षा तपासणीवर अधिक वेळ खर्च होतो. रूढ पद्धत अशी : जुनी आणि नवी आज्ञावली काही काळ समांतर चालवायची, दोन्हींना तीच माहिती द्यायची आणि उत्तरांची तुलना करायची. एक पैशाचाही फरक आला तर त्याचे कारण सापडेपर्यंत पुढे जायचे नाही. वर्ष २००० च्या प्रश्नावेळी भारतीय कंपन्यांनी जगभरातील आज्ञावल्या अशाच तपासल्या. जागा वाचविण्यासाठी वर्षाचे शेवटचे दोनच अंक साठविण्याची सवय जुन्या आज्ञावल्यांत होती आणि ‘००’ म्हणजे १९०० की २००० हे संगणकाला कळणार नव्हते. त्या कामासाठी दुरुस्तीची स्वयंचलित साधने तयार झाली आणि शेकडो तरुणांना कोबॉल शिकावी लागली.

घाई महागात पडल्याचे उदाहरणही समोर आहे. ब्रिटनमधील टीएसबी या बँकेने एप्रिल २०१८ मध्ये सुमारे ५० लाख ग्राहकांची माहिती नव्या प्रणालीवर नेली. त्यानंतर असंख्य ग्राहकांना आपली खाती वापरता येईनात. या प्रकरणी नियामकांनी डिसेंबर २०२२ मध्ये बँकेला चार कोटी ८६ लाख ५० हजार पौंडांचा दंड केला.

दुसरीकडे, बदल न करण्यालाही किंमत असते. कोविडच्या साथीत एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याच्या गव्हर्नरांना कोबॉल जाणणाऱ्या स्वयंसेवकांसाठी जाहीर आवाहन करावे लागले. बेरोजगार भत्त्याची प्रणाली त्या भाषेत होती आणि अर्जांचा लोंढा वाढला होता. भाषा जाणणारी पिढी निवृत्त झाली की चालू स्थितीतील आज्ञावलीही पोरकी होते.

यंत्राचे नवे भाषांतरकार

शब्दशः भाषांतर केलेली आज्ञावली चालते, पण वाचवत नाही. कोबॉलच्या धाटणीने लिहिलेल्या जावाला या क्षेत्रात गमतीने ‘जोबॉल’ म्हणतात. ती जावा जाणणाऱ्याला उमगत नाही आणि कोबॉल जाणणाऱ्याला वाचता येत नाही. फेसबुकच्या संशोधकांनी २०२० मध्ये ‘ट्रान्सकोडर’ हे प्रारूप मांडले. ते सी-प्लस-प्लस, जावा आणि पायथन या भाषांमध्ये परस्पर भाषांतर करण्यास स्वतःहून शिकले होते. त्यानंतर आलेल्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोठ्या प्रारूपांनी वाचायला सुबक भाषांतर देण्यात बरीच मजल मारली आहे. अमेरिकेच्या संरक्षण संशोधन संस्थेने २०२४ मध्ये सी भाषेतील जुन्या आज्ञावल्या रस्ट या अधिक सुरक्षित भाषेत आपोआप नेण्याचा कार्यक्रम हाती घेतला.

मात्र सुबक म्हणजे अचूक नव्हे. जुन्या पद्धतीची साधने अडली की थांबत आणि अडल्याचे सांगत. नवी प्रारूपे अडल्यावरही सहज वाचता येईल असे काहीतरी लिहून देऊ शकतात. त्यामुळे समांतर तपासणीची गरज कमी न होता वाढली आहे. आज्ञावलीत लिहिलेला नियम मुळात का केला होता, हे बहुधा कुठल्याच भाषेत लिहिलेले नसते. ते जुन्या कारकुनाला, लेखापालाला किंवा तलाठ्याला ठाऊक असते. त्यांना विचारल्याविना केलेले भाषांतर व्याकरणाने शुद्ध असले तरी व्यवहारात अपुरे ठरू शकते.

नागरिकांनी काय पाहावे?

* बँक, पतसंस्था किंवा महसूल खात्याची प्रणाली बदलत असल्याचे कळल्यास जुना उतारा किंवा पासबुकाची प्रत जपून ठेवावी. तुलना करण्यासाठी तोच आधार असतो.
* नव्या सातबारावर गट क्रमांक, क्षेत्राची तिन्ही घरे, खातेदारांची नावे, प्रत्येकाचा हिस्सा आणि इतर हक्कांतील बोजा जुन्या उताऱ्याशी ताडून पाहावा.
* जोडाक्षरे असलेली नावे शोधताना नोंद सापडली नाही, तर नोंदच नाही असे गृहीत न धरता गट क्रमांकावरून शोध घ्यावा.
* संकेतस्थळावर दिसणारा विनास्वाक्षरीचा उतारा माहितीपुरता असतो. कायदेशीर कामासाठी डिजिटल स्वाक्षरीचा उतारा घ्यावा.
* लेखनातील चूक आढळल्यास महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५५ नुसार दुरुस्तीसाठी अर्ज करता येतो. अर्जासोबत जुना उतारा आणि संबंधित फेरफाराची प्रत जोडावी.